स्मार्ट मीटर : बसवताना आणि बसवल्यावर नेमकं काय तपासायचं?

तारतंत्री (धागाकर्ता)

स्मार्ट मीटर, म्हणजे रीडिंग आपणहून कार्यालयाला पाठवणारा वीजमीटर, हवा की नको, कुणाचं भलं झालं, यावर दुसऱ्या धाग्यांवर पुरेशी हाणामारी झाली आहे. इथे फक्त कामाचं बोलू.

पार्श्वभूमी थोडक्यात. केंद्राने २०२१ मध्ये वितरण कंपन्यांसाठी आरडीएसएस (वितरण क्षेत्र सुधारणेची) ही योजना मंजूर केली. त्यात देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं लक्ष्य होतं. महाराष्ट्रात महावितरणने परिमंडळांचे गट पाडून सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटं दिली. जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, अशी घोषणा झाली. त्यानंतर लागतात ते पोस्टपेड, म्हणजे ज्याला आता सगळे टीओडी (टाइम ऑफ डे, वापराच्या वेळेनुसार दर लावता येणारा) मीटर म्हणतात ते. यंत्र म्हणून दोन्हींत फरक नाही, दोन्ही आयएस १६४४४ या भारतीय मानकाचेच. प्रीपेड की पोस्टपेड हे बिलिंगच्या संगणकात ठरतं, मीटरच्या डब्यात नाही.

मीटर बदलायला माणूस आला की हे बघा:

जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, तोही मीटर बोर्डावरून उतरवायच्या आधी. डिजिटल मीटर वायरीतून सुटला की डिस्प्ले बंद होतो, मग वाद घालायला काही उरत नाही. नव्या मीटरचाही फोटो घ्या, सुरुवातीचं रीडिंग दिसेल असा. नवा मीटर शून्यावरच असतो असं नाही, कारखान्यातल्या चाचणीचे एखाद-दोन युनिट त्यावर असू शकतात. मीटर बदली अहवालावर दोन्ही रीडिंग, दोन्ही क्रमांक आणि सीलचे क्रमांक लिहिलेत का ते बघा, मगच सही करा आणि प्रत मागून घ्या.

‘मीटर बदलला आणि बिल दुप्पट आलं’ या तक्रारींतला मोठा भाग इथेच निघतो. जुन्या मीटरचं रीडिंग काही महिने सरासरीवर चाललेलं असतं. बदलाच्या दिवशी खरं रीडिंग येतं आणि मधले तुंबलेले सगळे युनिट एकाच बिलात पडतात. नव्या मीटरचा त्यात काही संबंध नसतो. असे युनिट जितक्या महिन्यांचे तितक्या महिन्यांत विभागून स्लॅब लावायला हवा. तसा तो लावलाय का, हे बिलाच्या मागच्या पानावर तपासा. १०० च्या आतले युनिट १०१ ते ३०० च्या दराने लागले, तर फरक चांगलाच पडतो.

---

डीपीवाला

तारतंत्री, याच्याही आधी एक तपासणी घाला. सोसायटीच्या मीटर रूममध्ये एका दिवसात पंचवीस-तीस मीटर बदलले की आउटगोइंग (मीटरमधून घराकडे जाणाऱ्या) वायरी अदलाबदल होतात. तीनशे दोनच्या मीटरला तीनशे तीनची वायर लागते. मीटर दोन्ही बरोबर, बिलं दोन्ही चुकीची.

तपासायला दोन मिनिटं लागतात. घरातला मेन स्विच बंद करा आणि खाली जाऊन बघा. तुमच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. तो चालूच आहे आणि शेजारचा थांबलाय, तर वायर बदललेली आहे. फक्त डिस्प्ले चालू आहे म्हणून घाबरू नका, तो सर्व्हिस वायरच्या, म्हणजे कंपनीकडून मीटरपर्यंत येणाऱ्या वायरच्या, बाजूने चालतो आणि त्याचा खर्च ग्राहकावर पडत नाही.

दुसरं, टर्मिनल. आपल्याकडे सर्व्हिस वायर बहुतेक ॲल्युमिनियमची. प्रत्येक टर्मिनलला दोन स्क्रू असतात आणि घाईत एकच आवळला जातो. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसतं, स्क्रू सैल पडतो, सांधा तापतो. मग टर्मिनल कव्हरला तपकिरी डाग, जळका वास, आणि पुढे मीटर जळतो. त्यातही फेजपेक्षा (वीज आणणारी वायर) न्यूट्रल (परतीची वायर) सैल असणं जास्त वाईट. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल सुटला तर एका फेजवर ३०० च्या वर व्होल्ट जाऊ शकतात आणि टीव्ही, फ्रिज, राउटर सगळं एका फटक्यात जातं.

बघायचं काय? वायरचं सोलणं टर्मिनलच्या खोलीइतकंच हवं. बाहेर उघडी तार दिसायला नको आणि आत इन्सुलेशन चिमटलेलं नको. अनेक तारांची वायर असेल तर तोंडाला पिन लग (तारा एकत्र दाबून धरणारी धातूची टोपी) हवा. तारा कापून ‘बसवलेली’ वायर चालणार नाही. सोळा चौरस मिलिमीटरची वायर आत जात नाही म्हणून चार-पाच तारा कापून टाकायचे प्रकार होतात. सील लागल्यावर आपल्याला हात लावता येत नाही, म्हणून हे सील लागायच्या आधीच बघून घ्यायचं.

---

शून्यभार

खालीवर दोन मजले, दोन मीटर, इन्व्हर्टर मात्र एकच. अशा घरात स्मार्ट मीटर आल्यावर दोन्ही बिलं वाढतात असं ऐकलंय. खरं आहे का?

---

तारतंत्री

खरं आहे, आणि यात मीटर निर्दोष असतो.

सिंगल फेज मीटर फेजमधला करंट मोजतो आणि न्यूट्रलमधलाही. दोन्ही सारखे असले तर प्रश्नच नाही. फरक पडला तर मीटर जास्त असलेला करंट धरून युनिट मोजतो आणि ‘अर्थ लोड’ची नोंद करतो. ही सोय चोरीसाठी आहे. कुणी करंट न्यूट्रलऐवजी अर्थिंगमधून परत नेला तरी मोजणी चुकू नये, एवढाच तिचा हेतू. तबकडी फिरणाऱ्या जुन्या मीटरमध्ये फक्त फेज मोजला जायचा, म्हणून वायरिंगचा घोळ वर्षानुवर्षं झाकलेला राहिला.

आता तुमचं उदाहरण घ्या. इन्व्हर्टरला फेज खालच्या मीटरवरून आहे आणि वरच्या मजल्याचे दिवे-पंखे त्यावर आहेत. त्यांचा न्यूट्रल मात्र वरच्याच मजल्याच्या न्यूट्रल बारला राहिलाय. म्हणजे करंट खालच्या मीटरच्या फेजमधून गेला आणि वरच्या मीटरच्या न्यूट्रलमधून परत आला. खालचा मीटर फेजवरून युनिट मोजतो, वरचा न्यूट्रलवरून. तेच ५०० वॅट दोन्ही बिलांत!

शोधायचं असं. क्लॅम्प मीटर घ्या, म्हणजे वायरभोवती जबडा धरून करंट मोजायचं यंत्र. मीटरमधून घरात जाणारी फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात धरा. दोन्हींचे करंट उलट दिशेचे असल्यामुळे उत्तर जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा-एक अँपिअर दिसला तर कुठेतरी न्यूट्रल मिसळलाय किंवा अर्थिंगला गळती आहे. मग घरातले एमसीबी (प्रत्येक सर्किटचे स्विच) एकेक करून पाडा. ज्या सर्किटला आकडा बदलेल, घोळ तिथे. सगळे एमसीबी पाडल्यावरही न्यूट्रलमध्ये करंट दिसला, तर तो तुमचा नाही, शेजाऱ्याचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परत जातोय. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. असा मिसळलेला न्यूट्रल चालू भारावर सोडवला, तर सुटलेल्या टोकावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवली आणि ती टिकतच नाही, सारखी पडते, अशी घरं असतात ना? कारण बहुधा हेच. आणि इलाज म्हणून लोक आरसीसीबीच काढून टाकतात!

---

मोजूनमापून

मीटर जोरात पळतोय का, हे घरीच बघायची रीत लिहितो.

मीटरच्या पाटीवर प्रति युनिट किती लुकलुक हे छापलेलं असतं, पुष्कळ सिंगल फेज मीटरवर ३२०० असतं. तुमच्या पाटीवरचाच आकडा घ्या. घरातलं सगळं बंद करा, इन्व्हर्टरसुद्धा (तो बॅटरी चार्ज करत बसतो आणि सगळा हिशेब बिघडवतो). पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड भरलेल्या बादलीत बुडवून मग चालू करा. इस्त्री किंवा गीझर नको, त्यांचा थर्मोस्टॅट मध्येच तोडतो.

१५०० वॅटला तासाला १.५ युनिट, म्हणजे ४८०० लुकलुक, मिनिटाला ८०. आता इथे लोक फसतात. रॉड १५०० वॅटचा असतो तो २३० व्होल्टला. घरात २१५ व्होल्ट असतील तर तो १३१० वॅटच ओढतो आणि मिनिटाला ७० लुकलुक होतात. २४५ असतील तर १७०० वॅट, म्हणजे ९०-९१. म्हणून व्होल्टेज आधी बघा, मीटरच्या डिस्प्लेवर बटण दाबत गेलं की दिसतं. पाच मिनिटं मोजून सरासरी काढा. रॉडच्या वॅटमध्येही पाच-सात टक्के इकडेतिकडे असतात, त्यामुळे दहा टक्क्यांच्या आतल्या फरकावरून काही म्हणता येत नाही. मीटर क्लास १ चा असतो, त्याला मुभा एक टक्क्याची. रॉडने एक टक्का पकडता येत नाही, पण मीटर दीडपट पळत असेल तर ते हमखास दिसेल.

तुलना करायची तर मागच्या महिन्याशी करू नका. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि तीही बिलाच्या रकमेची नको, रोजच्या सरासरी युनिटची. दोन बिलांतले दिवस सारखे नसतात आणि दर दरम्यान बदललेले असतात.

---

वाचाळवीर

हे सगळं ग्राहकाने करायचं? रॉड बुडवा, लुकलुक मोजा, क्लॅम्प मीटर आणा! कंपनी काय करणार?

---

कलम_पंचावन्न

कंपनीने काय करायचं ते नियमात आहे, मागायला हवं. वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर तक्रार मिळाल्यापासून ५ दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावायचा आणि किमान ३ महिने दोन्हींचा ताळा घ्यायचा. अर्जात ‘मीटर तपासा’ असं मोघम लिहू नका. ‘पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवावा’ असं लिहा, ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक टाका, पोच घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर अंतर्गत तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल.

मात्र वर तारतंत्रींनी सांगितलेला न्यूट्रलचा घोळ असेल तर हा जोडीचा चेक मीटर कामाचा नाही. दोन मीटर एकापुढे एक लागतात, दोघांतून तोच चुकीचा करंट जातो, दोघंही तेच आकडे दाखवतात. तीन महिन्यांनी ‘मीटर योग्य’ असा शेरा मिळतो आणि पुढच्या मंचावर तोच कागद तुमच्या विरोधात वापरला जातो. म्हणून आधी वायरिंग, मग अर्ज.

मंजूर भाराबद्दलही (कंपनीने जोडणीला मंजूर केलेले किलोवॅट) लिहितो, कारण दंडाच्या अफवा फार आहेत. २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे स्मार्ट मीटरमध्ये जास्त भार दिसला म्हणून बसवण्याच्या आधीच्या काळाचा दंड लावता येत नाही. पुढे मंजूर भार वाढवायचा तर आर्थिक वर्षात किमान ३ वेळा तो ओलांडलेला हवा.

---

मोजूनमापून

भरच घालतो. भार ओलांडला का, हे कमाल मागणीवरून ठरतं, आणि ती म्हणजे क्षणाचा भार नाही. ती अर्ध्या तासाच्या सरासरीवर निघते. २ किलोवॅटचा गीझर पंधरा मिनिटं चालला तर त्या अर्ध्या तासात त्याची मागणी १ किलोवॅटच धरली जाते. गीझर, एसी आणि इस्त्री एकाच अर्ध्या तासात आली तरच आकडा उडी मारतो.

---

पेठकर

टीओडीचा फायदा खरंच होतो का? ८० पैसे ऐकलं होतं.

---

तारतंत्री

१ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर झाली, पुढे ती टप्प्याने १ रुपयापर्यंत. त्या आठ तासांत महिन्याला ९० युनिट जळत असतील तर ७२ रुपये. दोघंही नोकरीवर, घर दिवसभर बंद, अशा घरात त्या वेळेत फ्रिज आणि राउटरच चालतात. पंधरा-वीस रुपयांच्या वर काही हाती लागणार नाही. सकाळी सहाचा गीझर सवलतीत बसत नाही. वॉशिंग मशीन, पंप, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिचं चार्जिंग, हेच काय ते हलवता येतं. गाडीवाल्यांना मात्र खरा फायदा आहे.

आणि मीटरचं घड्याळ बघा! डिस्प्लेवर तारीख-वेळ येते. ते तासभर मागेपुढे असेल तर तुमचे सवलतीतले युनिट भलत्याच खान्यात जातात. तक्रार केल्यावर ते कार्यालयातून दुरुस्त होतं, मीटर बदलावा लागत नाही.

---

वाचाळवीर

बरं, तांत्रिक मान्य. पण ‘मीटर मोफत’ म्हणतात ते पटत नाही.

---

ताळेबंद

पटू नयेच. केंद्राचं अनुदान आपल्यासारख्या राज्यांना मीटरच्या किमतीच्या १५ टक्के, पण जास्तीत जास्त ९०० रुपये. म्हणजे हिशेब ६ हजारांच्या मीटरचा धरलेला. इथली कंत्राटं देखभाल, संवाद यंत्रणा सगळं धरून मीटरमागे सुमारे १२ हजारांना गेली. उरलेले ११ हजार शंभर रुपये वितरण कंपनी कंत्राटदाराला साधारण दहा वर्षं हप्त्याने देणार, म्हणजे महिन्याला नव्वद-शंभर रुपये. बिलात ‘मीटर’ अशी ओळ दिसणार नाही, पण कंपनीचा खर्च वीज नियामक आयोगापुढे जातो आणि आयोग दर ठरवतो. गळती (वाटेत वाया जाणारी किंवा चोरीची वीज) कमी होऊन तेवढे पैसे वाचले तर दरावर भार नाही, नाही वाचले तर आहे. महिन्याला ४० युनिट वापरणाऱ्या घरात मीटरने शंभर रुपये कसे वाचवायचे, हे कुणीतरी मांडून दाखवावं.

---

डीपीवाला

ताळेबंद, ते पैसे वाचतील ते क्रम बरोबर असेल तरच. आधी ११ केव्ही फीडरला मीटर, मग रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला), मग त्या रोहित्रावरचे ग्राहक कोणते याची यादी, आणि शेवटी घरोघरी मीटर. यादी चुकली की सगळं फुकट. रोहित्रातून १०,००० युनिट बाहेर पडले आणि त्यावरच्या घरांची बेरीज ११,५०० आली, तर गळती उणे पंधरा टक्के! शेजारच्या डीपीवरची (रोहित्रावरची) घरं या यादीत आलेली असतात. किंवा रोहित्राच्या मीटरला सीटी (मोठा करंट मोजण्याइतका लहान करून देणारं उपकरण) २००/५ ची आहे आणि संगणकात १००/५ भरलीय, म्हणजे निम्मेच युनिट दिसतात. तिन्हींपैकी एका फेजची सीटी उलटी बसली तर तो फेज वजा होतो आणि तीनऐवजी एकाच फेजची वीज मोजली जाते. घरोघरी मीटर लावायचा झपाटा आहे कारण कंत्राटदाराला पैसे बसवलेल्या मीटरमागे मिळतात. यादी दुरुस्त करायला कुणाला घाई नाही.

---

टेम्सकाठचा

इंग्लंडचा अनुभव थोडक्यात, कारण चुका वेगळ्या पण शिकण्यासारख्या. इथे मीटर वितरण कंपनी लावत नाही, वीज विकणारी कंपनी लावते, आणि ग्राहक ती केव्हाही बदलू शकतो. पहिल्या पिढीचे मीटर प्रत्येक विक्रेत्याच्या आपापल्या यंत्रणेला जोडलेले होते. ग्राहकाने कंपनी बदलली की मीटर मुका, पुन्हा हाताने रीडिंग. मग सगळ्यांसाठी एकच मध्यवर्ती यंत्रणा उभारली आणि लाखो जुने मीटर दुरून त्यात ओढून घ्यावे लागले. संवादाचं जाळंही दोन तऱ्हेचं, उत्तरेला दूर पल्ल्याचा रेडिओ आणि मध्य-दक्षिणेला मोबाइल. उंच इमारतीत मीटर तळघरात आणि घरातला डिस्प्ले बाराव्या मजल्यावर, तिथे २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ पोचत नाही, म्हणून नंतर ८६८ मेगाहर्ट्झही चालणारे हब (मीटर आणि डिस्प्ले जोडणारी पेटी) आणावे लागले. इथे मीटर घ्यायची सक्ती नाही, त्यामुळे मुदत पुढे पुढेच गेली.

---

रेडिओ_मेकॅनिक

तळघराचा प्रश्न आपल्याकडेही तोच. एक तर मीटरमध्ये सिम, नाहीतर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर मीटर-ते-मीटर निरोप पोचवत गेटवेपर्यंत (सगळ्यांचे निरोप कार्यालयाला धाडणारी पेटी). दुसऱ्या पद्धतीला दाट वस्ती लागते, वाडीवस्तीवर पुढचा मीटर अर्धा किलोमीटर लांब असेल तर निरोप पुढे जाणार कसा? जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत तर दोन्ही पद्धती दम टाकतात. इलाज साधा आहे, अँटेना पेटीबाहेर काढायची किंवा प्लास्टिकची पेटी लावायची. संपर्क तुटला म्हणून युनिट हरवत नाहीत. अर्ध्या तासाच्या नोंदी महिन्याहून जास्त मीटरमध्येच साठतात, मासिक बिलाच्या मागच्या १२ महिन्यांच्या. संपर्क आला की वर जातात. तोवर ‘सरासरी बिल’ आलं तर हाताने रीडिंग मागा, मीटरवरच्या ऑप्टिकल पोर्टवरून (प्रकाशाने रीडिंग उतरवून घ्यायची जागा) घेता येतं.

टेम्सकाठचे म्हणतात तो धोका इथे दहा वर्षांनी येईल. मीटरच्या आतली भाषा आयएस १५९५९ ने एक केलीय, पण रेडिओचा थर प्रत्येक उत्पादकाचा आपला. कंत्राट संपून नवा माणूस आला तर जुने मीटर त्याच्या गेटवेशी बोलतीलच असं नाही.

आणि दुरून वीज तोडायची सोय हा सगळ्यात नाजूक भाग. १२ ऑगस्ट २०२०, ऐन जन्माष्टमीला, उत्तर प्रदेशात लाखाहून जास्त स्मार्ट मीटर ग्राहकांची वीज चुकीच्या आदेशाने एकदम तुटली. मीटर नादुरुस्त नव्हते, त्यांनी आलेला आदेश पाळला! एका वेळी ठरावीक संख्येच्या वर तोडण्याचा आदेश जाऊच नये आणि त्याला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागावी, हे कुलूप संगणकात हवं.

---

गच्चीवरचा

छतावर सोलर आहे. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) काढून स्मार्ट लावणार म्हणतात. काय बघू?

---

तारतंत्री

बदलाच्या दिवशी आयात आणि निर्यात दोन्ही रीडिंगचे फोटो. पुढच्या बिलात जुने शिल्लक युनिट पुढे आलेत का ते तपासा, मीटर बदलाच्या नोंदीत ते गळतात.

मग स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी बाराला घरातला भार कमी करा आणि मीटरसमोर उभे राहा. निर्यातीचा आकडा चढला पाहिजे, आयातीचा जागेवर राहिला पाहिजे. दोन्ही चढत असतील किंवा फक्त आयात चढत असेल, तर मीटर नेट मीटरच्या पद्धतीवर न ठेवता साध्या पद्धतीवर ठेवलाय. तुम्ही दिलेली वीजही तुमच्याच नावावर खर्च म्हणून पडतेय. त्याच वेळी व्हिडिओ काढा आणि लगेच तक्रार टाका. बहुतेक वेळा सेटिंग कार्यालयातून बदलते. बिघडलेल्या दिवसांच्या हिशेबाला इन्व्हर्टरच्या ॲपमधले रोजचे निर्मितीचे आकडे लागतील, तेही जपून ठेवा.